पुण्याच्या थंडीत सायक्लेमेन आणि हेदर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडीची चाहूल लागली की प्रश्न दोन बाजूंनी येतात. एक बाजू कोथरूड, सिंहगड रस्ता, बाणेर इथल्या गॅलऱ्यांची: नर्सरीत दिसलेली ती उलट्या पाकळ्यांच्या सायक्लेमेनची कुंडी आणू का? दुसरी बाजू लेकीकडे किंवा मुलाकडे जर्मनी-इंग्लंडला राहायला गेलेल्या मंडळींची. तिकडे सप्टेंबरपासून दुकानांच्या दारात सायक्लेमेन आणि हेदर या बारीक फुलांच्या झुडपाच्या कुंड्या मांडलेल्या असतात आणि यांचे हात शिवशिवतात. आधी पुण्याचं घेऊ, मग परदेशातलं, शेवटी चमत्कारिक अपवाद. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो: रात्रीची थंडी आपल्याकडे पुरेशी असते, नडते ती दुपार. खालची निम्मी उत्तरं त्यातूनच निघतात.

१. सायक्लेमेन म्हणजे नक्की कसलं झाड? बटाट्यासारखा कंद असतो म्हणे.

कंद असतो, पण फोडी करून लावायचा नाही. चपटा, वरून दाबल्यासारखा असतो, वर्षानुवर्षं तोच मोठा होत जातो आणि त्याला पिल्लं फुटत नाहीत. पानं हृदयाच्या आकाराची, त्यांवर रुपेरी नक्षी. प्रत्येक फूल स्वतंत्र दांड्यावर येतं आणि पाकळ्या मागे वळलेल्या असतात.

याच्या वीसहून थोड्या जास्त जाती आहेत. भूमध्य समुद्राच्या काठापासून तुर्कस्तान, कॉकेशस, इराणपर्यंत त्या पसरल्या आहेत आणि एक तर थेट सोमालियात सापडते. त्यातल्या बहुतेक प्रदेशांत पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, म्हणून हे झाड थंडीत वाढतं आणि उन्हाळ्यात झोपतं. आपली कळलावी किंवा मे फ्लॉवर नेमकी उलट वागतात, पावसात अंगावर येतात आणि थंडीत गायब होतात. हा उलटा पंचांग लक्षात ठेवला की पुढे घोळ होत नाही.

नर्सरीत मिळतं ते परसिकम जातीचं, मोठ्या फुलांचं, कुंडीतलं. युरोपातल्या बागांमध्ये जमिनीत असतात ते हेडेरिफोलियम आणि कौम. त्यांच्याबद्दल प्रश्न १४ पहा.

२. पुण्यात येतं का? हो की नाही तेवढं सांगा.

हो. डिसेंबर ते फेब्रुवारी, कुंडीत, थेट ऊन न लागणाऱ्या जागी.

आता थोडं सविस्तर. सायक्लेमेनला दिवसा १५ ते १८ अंश आणि रात्री १० ते १२ अंश मानवतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पहाटेचा पारा सरासरी ११-१२ अंशांपर्यंत उतरतो, म्हणजे रात्र अगदी त्याच्या मनासारखी. पण त्याच दिवशी दुपारी पारा २९-३० ला जातो. झाड टिकतं ते रात्रीच्या जिवावर, आणि दुपारी तुम्ही त्याला किती वाचवता त्यावर. शिवाजीनगर-पाषाणच्या बाजूला पहाट मगरपट्टा-वडगावशेरीपेक्षा बरीच गार असते, त्यामुळे एकाच दिवशी आणलेल्या दोन मैत्रिणींच्या कुंड्यांत महिन्याभराने फरक दिसला तर हाताला दोष देऊ नका.

३. आणि हेदर? तेही थंडीतलंच ना?

पुण्यात नाही. थंडीचे अडीच महिने निघतील, पण हेदर हे हंगामी रोप नव्हे, वर्षानुवर्षं जगणारं झुडूप आहे. त्याला एप्रिल-मे काढावे लागतील आणि ते त्याला जमत नाही.

तीन गोष्टी आडव्या येतात. पहिली माती: हेदरला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) साधारण ४.५ ते ६. आपली काळी माती चुनखडीची, सामू साडेसात-आठच्या घरातला. अशा मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही आणि शेंडे पिवळे पडतात. दुसरी मुळं: केसांसारखी बारीक, वरच्या थरात पसरलेली, विशिष्ट बुरशीच्या सोबतीने अन्न घेणारी. ती एकदा पूर्ण वाळली की झाड संपलं, आणि पाण्यात उभी राहिली तरी संपलं. तिसरी आपला चाळीस अंशांचा उन्हाळा. माती बदलता येते, पाणी सांभाळता येतं, मे महिन्याचं काय करणार?

हौस असेल तर प्रश्न २१ मधला पर्याय पहा, तो खरोखर चांगला आहे.

४. कुंडी दिवाळीत आणू की नंतर?

नंतर. ऑक्टोबरचा चटका संपलेला नसतो आणि दिवाळीत आलेलं सायक्लेमेन अनेकदा तुळशीच्या लग्नापर्यंतच मान टाकतं. डिसेंबरचा पहिला-दुसरा आठवडा उत्तम. हडपसर-मांजरीपासून उरुळी कांचनपर्यंत सोलापूर रस्त्यावर नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. एकीकडे नसेल तर पुढे विचारा. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला फुलांचं प्रदर्शन भरतं तेव्हा बघून मोह होतो, पण तोवर निम्मा हंगाम सरलेला असतो.

घेताना फुलं मोजू नका. पानं दोन्ही हातांनी अलगद बाजूला करा आणि मधोमध पाहा. कंदाच्या डोक्यावर शाईपेनाच्या निबाएवढ्या बारीक कळ्या दाटीने दिसल्या की ती कुंडी घ्या, पुढचे दोन महिने फुलं येत राहतील. वर वीस फुलं आणि खाली रिकामं असेल तर नर्सरीवाल्याने मजा घेऊन झालेली आहे. मधला भाग मऊ लागला किंवा करडी लव दिसली तर फुकट दिली तरी नको.

५. गॅलरी पश्चिमेची आहे. चालेल?

नाही चालणार. उत्तरेची सर्वांत चांगली, कारण थंडीत सूर्य दक्षिणेकडून फिरतो आणि उत्तरेच्या गॅलरीत थेट ऊन येतच नाही, उजेड मात्र भरपूर असतो. पूर्वेची दुसरी, नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन त्याला बाधत नाही. पश्चिम किंवा दक्षिण असेल तर स्वयंपाकघराची खिडकी, न्हाणीघराबाहेरची ड्राय बाल्कनी, जिन्यातली उजेडाची जागा, असं काही शोधा.

ग्रॅनाइटच्या कठड्यावर कुंडी ठेवणं टाळा, दुपारी तो तापतो आणि कुंडीची माती खालून भाजते. फरशीवर ओलं पोतं अंथरून त्यावर कुंडी ठेवली की आजूबाजूची हवा थोडी गार राहते. रात्री कुंडी उघड्यावर हवी. थंडी वाजेल म्हणून आत आणणारे बरेच जण आहेत. पुण्यातली थंडी हीच त्याची मेजवानी आहे, ती हिरावून घेऊ नका.

दिवाणखान्यात शोभेला ठेवायचं असेल तर पाहुणे येतील त्या संध्याकाळपुरतं ठेवा. टीव्हीच्या शेजारी आठवडाभर ठेवलेल्या कुंडीचे फोटो मला येतात आणि उत्तर दरवेळी तेच असतं.

६. माती कशी करू? आणल्या आणल्या कुंडी बदलू का?

फुलात असताना कुंडी बदलू नका. आहे त्यात फुलू द्या. पुढे बदलायची वेळ आली (प्रश्न ११) तर दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा परलाईट पुरे. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुवून घ्या, त्यात मीठ असतं. बागेतली काळी माती मूठभरही नको, ती पाणी धरून बसते. कंदाचा वरचा एक तृतीयांश भाग मातीच्या वर राहिला पाहिजे. कुंडी कंदापेक्षा जेमतेम दोन-तीन बोटं मोठी घ्या. मोठ्या कुंडीतली माती ओली राहते आणि कंद कुजतो.

७. पाणी रोज घालायचं का?

पुण्यात सायक्लेमेन मारण्याचा सर्वांत लोकप्रिय मार्ग म्हणजे रोज सकाळी तुळशीबरोबर त्यालाही तांब्याभर पाणी.

पाणी खालून द्या. बशीत दोन बोटं पाणी घ्या, कुंडी त्यात ठेवा, वीस-पंचवीस मिनिटांनी मातीचा वरचा थर ओलसर दिसला की कुंडी उचला आणि उरलेलं पाणी ओतून टाका. बशीत पाणी तसंच ठेवू नका. पुन्हा कधी? कुंडी उचलून पाहा. पाणी प्यायलेली आणि तहानलेली कुंडी यांच्या वजनातला फरक दोन-तीन वेळांत हाताला कळतो. थंडीत साधारण तीन-चार दिवसांनी, फेब्रुवारीत थोडं लवकर. दिवस ठरवून घेऊ नका, वजनावर विश्वास ठेवा.

वरून पाणी घातल्याने काय बिघडतं? पानांच्या देठांमध्ये, कंदाच्या डोक्यावर पाणी साचतं. तिथेच कळ्या असतात. रात्री गारवा, ओल आणि दाट पानं मिळाली की करडी बुरशी धरते. स्प्रे मारू नका, ते कितीही प्रेमाने असलं तरी.

पालिकेचं पाणी सायक्लेमेनला ठीक आहे. टँकरचं किंवा बोअरचं पाणी क्षारांचं असतं, कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागला तर महिन्यातून एकदा फिल्टरच्या पाण्याने माती धुऊन काढा, पण कडेकडेने, मध्यावर नाही.

८. पानं पिवळी पडतायत. काय कमी पडतंय?

बहुधा काही कमी पडत नाहीये, काहीतरी जास्त होतंय. फोटो पाठवण्याआधी हे तपासून घ्या.

खालची एक-दोन जुनी पानं पिवळी आणि बाकी झाड टवटवीत: काही झालेलं नाही, खुडून टाका. बरीच पानं एकदम पिवळी, देठ ताठ, माती कोरडी: ऊब जास्त होतेय, जागा बदला. संक्रांतीनंतर ऊन चढू लागतं तेव्हा हे हमखास होतं. पानं पिवळी, देठ लोळलेले आणि माती ओली: कंदाला बोटाने दाबून पाहा. घट्ट असेल तर पाणी थांबवा, झाड परत येईल. मऊ असेल तर कंदकूज झाली आहे, कुंडीसकट निरोप द्या आणि ती माती दुसऱ्या झाडाला वापरू नका.

देठ लोळलेले आणि माती अगदी कोरडी, कुंडी हलकी: ही एकच चांगली बातमी. बशीत तासभर ठेवा, संध्याकाळपर्यंत झाड उभं राहतं. घाबरून वरून तांब्या ओतलात तर मात्र वाचलेलं झाड हातचं जाईल.

नवी पानं आखूड, चुरगळलेली आणि फुलांवर फिकट चट्टे असतील तर कोळी किंवा फुलकिडे. कळ्यांतला कोळी डोळ्यांना दिसत नाही आणि एकदा बसला की निघत नाही, ती कुंडी बाकीच्यांपासून लगेच दूर करा. देठांच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून घ्या.

९. सुकलेली फुलं कात्रीने कापली तर चालतील ना?

नको. कापल्यावर उरणारं खुंट कुजतं आणि कुज कंदापर्यंत जाते. दांडा अगदी बुडाशी चिमटीत धरा, थोडा पीळ द्या आणि झटक्यात ओढा. टक् असा आवाज होऊन मुळातून सुटतो. पानांचंही तसंच.

१०. देवाला वाहिलं तर चालतं का?

शास्त्राचं गुरुजींना विचारा. बागेच्या बाजूने हरकत नाही, फक्त खुडताना प्रश्न ९ प्रमाणे खुडा. दांड्याच्या टोकाला छोटी उभी चीर दिली तर फुलदाणीत फूल बरेच दिवस टिकतं.

११. मार्चमध्ये सगळी पानं गेली. मेलं का? फेकून देऊ?

झोपलंय. पण पुण्यात या झोपेतून ते उठेलच याची खात्री कोणी देऊ नये, नर्सरीवाल्यानेही नाही.

पद्धत अशी. फेब्रुवारीअखेर फुलं थांबली की पाणी हळूहळू कमी करा. पानं पिवळी पडून वाळली की काढून टाका. कुंडी घरातल्या सर्वांत गार, सावलीच्या, हवेशीर कोपऱ्यात ठेवा. पलंगाखाली बंद जागेत नको. महिन्यातून दोनदा कुंडीच्या कडेने अगदी चमचाभर पाणी, कंद सुरकुतून दगड होऊ नये एवढंच.

मे निघतो. खरी परीक्षा जूनमध्ये. त्याच्या गावी उन्हाळा कोरडा असतो, आपल्याकडे ऐन झोपेत चार महिने पाऊस आणि दमट हवा. गच्चीवर राहिलेली कुंडी जुलैपर्यंत चिखल होते. म्हणून पावसाचा एक शिंतोडाही लागणार नाही अशा जागी ठेवा आणि या काळात ते चमचाभर पाणीही बंद करा. गणपती उठले की रोज कंदाच्या डोक्याकडे नजर टाका. बारीक पोपटी कोंब दिसले, मग तो सप्टेंबरअखेर असो की ऑक्टोबर, तेव्हाच माती बदला आणि पाणी सुरू करा. कोंब दिसण्याआधी पाणी घालून उठवायला जाऊ नका.

माझं मत विचाराल तर पिटुनिया किंवा सिनेरारियासारखं हंगामी समजून आणा. शेवंतीची कुंडी फुलं संपल्यावर टाकताना आपण हळहळत नाही. कंद जगला तर बोनस.

१२. सोसायटीच्या बागेत जमिनीत लावलं तर जास्त जगेल का?

कमी जगेल. काळी माती, माळीकाकांचा पाइप आणि जूनचा पाऊस, तिघांपैकी एक पुरे आहे. डिसेंबरात शोभा हवी असेल तर कुंडीसकट वाफ्यात पुरा, फेब्रुवारीत काढून घ्या.

१३. घरात मांजर आहे, नातू रांगतोय. विषारी आहे का?

कंद विषारी आहे. त्यात सॅपोनिन गटातली द्रव्यं असतात. मांजर किंवा कुत्र्याने पान चघळलं तर लाळ गळणं, उलटी, जुलाब होऊ शकतात, कंद खाल्ला तर प्रकरण गंभीर होतं. प्राणी असेल तर थेट पशुवैद्याकडे, मूल असेल तर डॉक्टरांकडे न्या आणि झाडाचा फोटो सोबत ठेवा. कंद मातीच्या वर उघडा असतो, त्यामुळे रांगत्या मुलाच्या हाताला सहज लागतो. टांगत्या कुंडीत ठेवा किंवा यंदा आणूच नका.

१४. मुलीच्या म्युनिकच्या बाल्कनीतलं सायक्लेमेन पहिल्या बर्फात काळं पडलं. तिकडे तर थंडीच थंडी, मग?

ते परसिकम होतं. गारवा त्याला हवा, गोठणं नको. पारा शून्याच्या खाली गेला की त्याची पानं काचेसारखी होऊन सडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाहेर आणि हिवाळ्यात न तापवलेल्या जिन्यात किंवा गार खिडकीत, असं ते तिकडे ठेवायचं. हीटरच्या वर कधीच नाही. म्हणजे तिकडच्या तापवलेल्या घरात त्याचे जे हाल होतात ते आपल्याकडच्या मार्चसारखेच.

बागेत कायमचं लावायचं असेल तर हेडेरिफोलियम घ्या. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर फुलतं, आधी नुसती फुलं जमिनीतून वर येतात, पानं मागून येऊन हिवाळाभर राहतात, आणि उणे १०-१५ अंश सहज काढतं. त्याच्यानंतर हिवाळ्याच्या शेवटी फुलतं ते कौम, छोटं, गोल पानांचं. दोन्ही पानगळीच्या झाडांखाली लावावीत: हिवाळ्यात वरची पानं गळल्याने उजेड मिळतो, उन्हाळ्यात ते झाड मातीतलं पाणी ओढून घेतं आणि कंद कोरडा झोपतो.

१५. हेडेरिफोलियमचा कंद आणला. वर कोणती बाजू आणि खाली कोणती?

इथे भलेभले फसतात. हेडेरिफोलियमची मुळं प्रामुख्याने कंदाच्या वरच्या बाजूने आणि कडेने निघतात, बूड गुळगुळीत असतं. म्हणून मुळं दिसतात ती बाजू खाली, हा नेहमीचा नियम लावला की कंद उलटा बसतो. गुळगुळीत, फुगीर बाजू खाली, खडबडीत, किंचित खोलगट बाजू वर, आणि वर दोन-तीन बोटं माती. कौमची मुळं मात्र खालूनच येतात. वाळलेल्या कंदांपेक्षा कुंडीत उगवलेलं रोप घेणं केव्हाही शहाणपणाचं, फार वाळलेला कंद उठायला पूर्ण वर्ष घेतो, कधी उठतच नाही.

१६. हेदरच्या कुंड्यांवर वेगवेगळी नावं असतात. बागेत कोणतं टिकेल?

चिठ्ठीवर कलुना लिहिलंय की एरिका, ते आधी वाचा.

कलुना वल्गारिस हे खरं माळरानावरचं हेदर, त्या वंशात ही एकच जात. उन्हाळ्याच्या शेवटापासून शरदापर्यंत फुलतं. उत्तर जर्मनीतलं ल्युनेबुर्गचं माळरान ऑगस्ट-सप्टेंबरात जांभळं होतं ते याच्यामुळे. दुकानात याच्या अशा वाणांची गर्दी असते ज्यांच्या कळ्या कधी उमलतच नाहीत. त्यामुळे परागीभवन होत नाही आणि रंग कित्येक आठवडे टिकतो, मधमाश्यांना मात्र त्यातून काही मिळत नाही.

एरिका वंश मोठा आहे, आठशेच्या वर जाती, त्यातल्या बहुतांश दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या. शरदात जर्मनीत स्वस्तात मिळणारी, गच्च गुलाबी फुलांची एरिका ग्रासिलिस त्यातलीच. ती कडाक्याच्या पहिल्या थंडीत मरते. मरूनही वाळलेली फुलं रंग धरून राहतात, त्यामुळे जानेवारीत कळतं की आपण नोव्हेंबरपासून मेलेल्या झाडाला पाणी घालतोय. एरिका कार्निया मात्र आल्प्सची, बर्फाखालूनही फुलणारी, भर हिवाळ्यापासून वसंतापर्यंत रंग देणारी. कायमचं काही लावायचं तर कलुना आणि कार्निया, दोन्ही मिळून ऑगस्ट ते एप्रिल निघतो.

१७. तिकडच्या बागेतही माती चुन्याचीच आहे. मग?

कलुना सोडून द्या, एरिका कार्निया लावा. हेदरच्या कुळातली ही आणि तिचा संकर दार्लेयेन्सिस चुना बऱ्यापैकी सोसतात. म्युनिकचं नळाचं पाणी कठीण असतं, तेव्हा कुंडीतल्या कलुनाला पावसाचं साठवलेलं पाणी द्या. लावताना खालची पानं मातीला टेकतील इतकं खोल लावा, हा हेदरपुरता नियम, सायक्लेमेनला लावू नका.

१८. हेदर दोन वर्षांत खालून टकलं झालं. छाटू का?

आता छाटून उपयोग नाही. जुन्या, तपकिरी लाकडापर्यंत कापलं तर तिथून ते फुटत नाही. छाटणी दरवर्षी करायची, फुलांच्या दांड्याच्या बुडाशी, हिरवा भाग राखून. कलुनाची मार्च-एप्रिलमध्ये, कार्नियाची फुलं संपताच. टकलं झालेलं काढून नवं लावा.

१९. निळं आणि पिवळंधमक हेदर पाहिलं. त्याचं बी मिळेल का?

ते रंगवलेलं असतं, अक्षरशः फवारून. पुढच्या वाढीत मूळ रंग येतो.

२०. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुलाच्या जर्मन शेजाऱ्यांकडे जेवायला बोलावलंय. हेदरची कुंडी नेऊ का?

प्रश्न वाचून हसू आलं, पण विचारलंत ते बरं केलंत. तिकडे हेदर बाल्कनीतही असतं, पण १ नोव्हेंबरला पितरांच्या स्मरणाचा दिवस येतो आणि त्या सुमारास थडगी सजवायला हेदरच्या कुंड्या सर्रास वापरतात. शेजारी काही म्हणणार नाहीत, तरी सायक्लेमेन न्या.

२१. पुण्यात हेदरसारखं दिसणारं काहीच नाही का?

आहे, आणि ते तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी बहुधा आधीच लावलेलं आहे: कुफिया. मेक्सिकोकडचं छोटं झुडूप, बारीक गर्द पानं, दाटीने येणारी जांभळी किंवा पांढरी इवलीशी फुलं. जवळपास वर्षभर फुलतं, ऊन सोसतं, काळ्या मातीतही निभावतं, आणि नर्सरीत स्वस्त मिळतं. उथळ कुंडीत तीन रोपं जवळजवळ लावा, दोन महिन्यांनी शेंडे खुडा. हेदरसारखी छाटणीची भीती नाही, कापलं की फुटतं. थंडीपुरता जमिनीलगतचा पांढरा-जांभळा गालिचा हवा असेल तर शेजारी ॲलिसमचं बी फेका.

२२. महाबळेश्वरला जागा आहे. तिथली माती लाल, हवा गार. हेदर येईल?

मातीचा मुद्दा बरोबर आहे, तिथली जांभ्याची माती आम्ल आहे. उंचीही साडेतेराशे मीटरच्या आसपास. अडतं ते पावसावर. चार महिन्यांत पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि सततचं धुकं, त्यात हेदरची केसाळ मुळं कुजतात. पारदर्शक छपराखाली, उंच कुंडीत, भरपूर जाड वाळू घालून प्रयोग करा, पण एका रोपावर करा, बांधावर शंभर लावू नका.

पातळ, कस नसलेल्या मातीवर फुलांचा गालिचा बघायचीच ओढ असेल तर तिथून साताऱ्याच्या अंगाला कास आहेच. जागतिक वारसा यादीत २०१२ साली गेलेलं ते पठार सप्टेंबरात तेरडा आणि सोनकीने भरतं. तिथलं काही उपटून आणू नका.

२३. परत येताना कंद बॅगेत टाकून आणू का? छोटासाच आहे.

नका आणू. सायक्लेमेनचा अख्खा वंश साइट्स कराराच्या (धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, कारण जंगलातले कंद मोठ्या प्रमाणावर उपसून विकले जात. कुंडीतल्या परसिकमच्या संकरित वाणांना त्यात सूट आहे, पण झोपलेल्या कंदांना ती लागू नाही. शिवाय आपल्याकडे २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाप्रमाणे लागवडीचं साहित्य आणायला आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. मातीसकट रोप तर नाहीच. बियांनाही संगरोधाचे हेच नियम.

२४. मग इथेच बी धरून पेरलं तर?

धरता येतं. परसिकमची बोंडं पिकली की दांडा खाली झुकतो, बाकीच्या बहुतेक जातींत तो स्प्रिंगसारखा गुंडाळतो. बियांवर गोडसर चिकट थर असतो, मुंग्या त्यासाठीच त्या ओढून नेतात, म्हणून बोंड फुटायच्या आत काढा. नोव्हेंबरात रात्रभर भिजवून पेरा, वर पूर्ण अंधार करा, गार जागी ठेवा. महिना-दीड महिन्यात उगवतं.

अडचण पुढे आहे. रोपाला फुलावर यायला वर्ष-सव्वा वर्ष लागतं आणि पहिल्या उन्हाळ्यात त्याला झोपू द्यायचं नसतं, वाढवत ठेवायचं असतं. पुण्याच्या मे महिन्यात वाटाण्याएवढा कंद जागा ठेवणं घरच्या घरी जवळपास अशक्य. शाळेतल्या मुलांना उगवण दाखवायला छान, फुलांच्या आशेने नको.

२५. कंद जगला, ऑक्टोबरात पानंही भरपूर आली, पण फूल एक नाही.

बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण निघतं. नत्राचं खत जास्त झालं: शेणखत-गांडूळखताचा मारा थांबवा, कळ्या दिसू लागल्यावर पालाश जास्त असलेलं विद्राव्य खत अर्ध्या मात्रेने पंधरवड्यातून एकदा द्या. उजेड कमी: पानांचे देठ लांबुडके असतील तर हेच. किंवा रात्र गार मिळत नाही: बंद काचेच्या बाल्कनीत हे होतं, डिसेंबरात रात्री सरकत्या काचा उघड्या ठेवा. पानं मध्यातून थोडी बाजूला सारून कंदाच्या डोक्यावर उजेड पडू दिला तरी दबलेल्या कळ्या वर येतात.

२६. आमचं ऑफिसच्या एसीत आहे. एप्रिल उजाडला तरी हिरवंगार. जबरदस्तीने झोपवू का?

नाही. झोप त्याला उष्म्यामुळे आणि कोरडेपणामुळे येते, तारखेमुळे नाही. वीस अंशांच्या आसपास एसी चालू असेल तर ते जागंच राहतं आणि चालतं. पाणी नेहमीप्रमाणे वजन पाहून द्या, खत बंद करा, एसीच्या झोताच्या थेट समोर ठेवू नका. शनिवार-रविवार एसी बंद असतो तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी कुंडी पूर्वेच्या खिडकीपासून लांब, फरशीवर सरकवून ठेवा. पानं आपणहून पिवळी पडू लागली तर प्रश्न ११ प्रमाणे पाणी कमी करायला घ्या.